लाल झेंड्याआधीच्या फेऱ्या

दूध उतू जात होतं आणि माझा थोरला शेगडीसमोर उभा राहून ते बघत होता. लांब असता तर मी काही बोलले नसते. पण बटणावर हात होता त्याचा. साय फुगत फुगत कडेपर्यंत आली, कडेवर जरा थरथरली, तरी हात तिथंच. मग सगळं फसफसून खाली आलं, जाळ निळ्याचा पिवळा झाला, घरभर करपट वास सुटला, तेव्हा कुठे स्वारीनं बटण फिरवलं. मी दारातच होते. म्हटलं, "काय करत होतास?" तर म्हणतो, "वर येत होतं." वर येत होतं! हे मला सांगतो. "मग बंद का नाही केलंस?" फडकं घेऊन शेगडी पुसायला लागला, तीही अशी की करपलेलं होतं तेवढंही पसरवून ठेवलं. केस पिकलेला बाप्या. रविवारपासून हे असंच चाललंय. नळाखाली तांब्या धरतो आणि भरून वाहिला तरी धरूनच ठेवतो. दारावरची घंटा वाजली की उठून जातो, कडीला हात लावतो आणि थांबतो. बाहेरचा माणूस कंटाळून जिना उतरून गेला की परत येऊन बसतो. सून नोकरीच्या गावी, याच्या घराखाली बातमीवाले कॅमेरे लावून बसलेले, म्हणून माझ्याकडे आला. आला तर आला, आईचं घर आहे. पण खिडकीजवळची माझी खुर्ची त्यानं अशी धरली आहे की मला माझ्याच घरात पाहुणीसारखं कडेकडेनं वावरावं लागतंय. काही विचारलं की एकच शब्द, "बघतो." जेवतोस का? बघतो. बहिणीला फोन करतोस का? बघतो. अरे, बघून बघून माणसाच्या डोळ्यांना खळगे पडतील.

आणि याचं काम काय, तर थांबवणं. त्याच्यासाठीच ठेवलाय त्याला. शर्यतीच्या त्या गाड्या असतात ना, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या, ऐकणाऱ्याच्या छातीत धडधड होईल एवढा आवाज करणाऱ्या, त्यांची शर्यत चालू असताना हा वर काचेच्या खोलीत बसतो. समोर भिंतभर पडदे. कुठे गाडी आपटली, कुठे तुकडे पडले, की पुढे काय करायचं ते हा ठरवतो, आणि याच्या वर कोणी नाही. त्याच्या हातात मोठे उपाय दोनच. एक ती सेफ्टी कार. डोक्यावर दिवे लुकलुकणारी एक गाडी सगळ्यांच्या पुढे सोडायची, मग सगळ्यांनी तिच्या मागे रांगेनं, हळू, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. शर्यत चालूच असते, फेऱ्या मोजल्या जातात, पण कोंबडीमागच्या पिल्लांसारखं जायचं. दुसरा लाल झेंडा. लाल म्हणजे सगळं बंद. गाड्या आत, इंजिनं गप्प, रस्ता मोकळा. सगळं झाडूनपुसून झालं की पुन्हा रांग लावायची आणि उरलेल्या फेऱ्यांसाठी, आहेत त्याच चाकांवर, नव्यानं सुटायचं. त्यानं मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, एवढंच होय? आमच्या लॉन्ड्रीत हेच तर असतं, मशीन हळू करायचं की मेन स्विच पाडायचा. तो हसला होता. तेव्हा हसायचा. ही लॉन्ड्री खाली आहे, घर वर. दिवसभर मोठ्या मशीनची घरघर जमिनीतून तळपायाला लागते, आणि ती थांबली की मला घर मेल्यासारखं वाटतं. शाळेत मी फार टिकले नाही, पण या घरघरीवर दोन पोरं वाढवली, आणि त्यातला एक त्या काचेच्या खोलीत बसला. कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवलंय. दातांचा डॉक्टर, विम्याचा माणूस, शाळेची मुख्याध्यापिका, कोणी सुटलं नाही. शर्ट नेता नेता म्हणायचे, बाई, तुमच्या साहेबांना काल टीव्हीवर पाहिलं. मी म्हणायचे, हो का, मी नाही पाहिलं, मला कुठला वेळ. पाहिलेलं असायचंच.

आता जावई. माझ्या धाकट्या लेकीचा नवरा त्याच शर्यतीत गाडी चालवतो. हे शर्यती भरवणाऱ्या मंडळाला माहीत होतं, लपवलेलं काही नव्हतं. त्यांनी नियम घालून दिला होता, शर्यतीच्या आठवड्यात मेव्हण्यामेव्हण्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, भेटायचं नाही. दोघंही एवढे सरळ की माझ्या घरीसुद्धा तो नियम पाळायचे. एकजण पुढच्या जिन्यानं चढला की दुसरा मागच्या जिन्यानं उतरून लॉन्ड्रीतून बाहेर. मी एकाचं ताट काढायचे आणि दुसऱ्याचं मांडायचे. हसू यायचं, वैतागही यायचा. पोरीचा भाऊ आणि पोरीचा नवरा, आणि माझ्या घरात चोरासारखे. जावई माणूस चांगला, पण नशिबाचा पाठमोरा. इतकी वर्षं पळवतोय, दुसरा आला, तिसरा आला, सहावा तर कितीदा, पहिला कधीच नाही. आता त्या धंद्यात तो म्हातारा झाला. मान दुखते, मांडी घालता येत नाही, माझ्या घरी आला की स्टुलावर बसतो. या हंगामानंतर त्याला गाडी मिळणार नाही हे सगळे बोलत होते. लेक फोनवर म्हणायची, आई, एकदा, फक्त एकदा पहिला आला ना, तर पुढच्या वर्षीचं ते पक्कं करतील. मी म्हणायचे, येईल गं. आणि मनात म्हणायचे, कसला येतो.

आणि रविवारी तो पहिला होता. मी याच खोलीत होते, टीव्हीसमोर. शेवटच्या फेऱ्या आल्या तरी पुढेच. मागची तरणी पोरं त्याच्या शेपटाला लागलेली, नवी चाकं घातलेली, आणि याची चाकं झिजून चिंध्या झालेली, असं टीव्हीवरचा सांगत होता. तरी हा पुढे. पाच फेऱ्या उरल्या असतील आणि मागे कोणाची तरी गाडी वळणावर भिंतीला आपटली. माणूस उतरून चालत गेला, त्याला काही झालं नाही. थोरल्यानं सेफ्टी कार सोडली. झालं! मला तेवढं कळतं. आता कोणी कोणाला ओलांडायचं नाही, फेऱ्या संपत जाणार, आणि जो पुढे आहे तो पुढेच राहणार. जावयाच्या कपाला जागा हवी म्हणून मी उठून त्या कोपऱ्यातल्या फळीवरचे डबे उतरवले. एक फेरी गेली. दुसरी गेली. मी फळी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्यानं पुसली. तिसरी गेली. लेकीचा चेहरा टीव्हीवर दाखवत होते, दोन्ही हात तोंडावर धरलेले. आता दोन राहिल्या, आणि पडदाभर लाल. मी आधी टीव्हीच बिघडला म्हणून त्याच्यावर थाप मारली. मग गाड्या आत आल्या, उभ्या राहिल्या, लोक चालकांवर उन्हाच्या छत्र्या धरायला धावले, आणि मला कळलं की माझ्या पोटच्या पोरानं माझ्या जावयाची शर्यत थांबवली. पुन्हा रांग लागली, पुन्हा सुटले, आणि पहिल्याच वळणाला तरण्यांनी त्याला असं मागे टाकलं जसं रस्त्यात उभ्या बैलाला वळसा घालून जातात. पाचवा आला. डबे अजून खालीच पडलेत.

मला कारण लगेच कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. या पोराला मी जन्म दिलाय. लहानपणापासून याला एकच रोग, लोक काय म्हणतील. गल्लीत पोरं खेळायची आणि भांडणं झाली की सगळी याच्याकडे यायची, कारण हा खोटं बोलायचा नाही. त्याला पंच म्हणूनच हाक मारायचे. त्या हाकेनं असा फुगायचा की मानच वळायची नाही. आणि मग आपल्या बहिणीची पाळी आली की हा तिला बाद द्यायचा. ती बाद नसायची! मी वरून गॅलरीतून कपडे झटकताना बघायचे, ती रेषेच्या आत असायची, पाय तिचा आतच असायचा, आणि हा बोट वर करायचा, आधी सगळ्या पोरांच्या तोंडांकडे बघून. ती रडत जिना चढायची. मी विचारलं की म्हणायचा, आई, तिला आत म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, बहीण म्हणून दिलं. घरातही तेच. वाटणी करायला बसवला तर स्वतःला आणि तिला कमी, शेजारच्या पोराला जास्त. लोक त्याचं कौतुक करायचे, किती निःपक्ष मुलगा आहे हो. निःपक्ष कसला, घरच्यांवर उलटलेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण याचं उलटंच, आपल्यालाच कार्टं ठरवून मोकळा. रविवारी तेच झालं असणार. वर बसल्या बसल्या याच्या मनात आलं असणार, सेफ्टी कारमागे शर्यत संपली तर लोक म्हणतील मेव्हण्याला जिंकवलं. म्हणून बोट वर. सगळा आठवडा मी हेच घोळवत राहिले, इस्त्री फिरवताना, कॉलर घासताना, आणि जितकं घोळवलं तितका राग चढत गेला. कडकपणा दाखवायला याला नेहमी तीच पोर सापडते.

लेक दर संध्याकाळी फोन करते. त्याचा फोन तो उचलत नाही, म्हणून मला. उद्या मंडळापुढे चौकशी आहे. जावयाच्या संघानं तक्रार लावली आहे की लाल झेंड्याची गरजच नव्हती, वळण जवळजवळ साफ झालं होतं, शर्यत सेफ्टी कारमागे संपायला हवी होती. थोरल्यानं तिथं जाऊन म्हटलं की माझी चूक झाली, तर लाल पडला त्या क्षणाला जे जिथं होते तोच निकाल. म्हणजे जावई पहिला. 

"आई, दोन शब्द म्हणायचेत गं त्याला. चूक झाली. माणसाची चूक होत नाही का?"

"होते की. पण हा तोंड उघडेल तर ना."

"तू सांग. तुझं ऐकतो."

"माझं ऐकतो? तो दुधाचं ऐकत नाही."

"काय?"

"काही नाही. त्याची नोकरी जाईल, तेवढं तुला कळतंय ना?"

"नाही जाणार. जरा बोलतील त्याला. आणि आमचं काय जाईल ते कळतंय तुला? हे सकाळपासून गॅरेजमध्ये बसलेत. काही करत नाहीत, नुसते बसलेत. आई, तू आमची आहेस की त्याची?"

"दोघांची. हीच तर कटकट आहे."

ती हसली नाही. मी तिला शब्द दिला. म्हटलं, उद्या सकाळी तो जाण्याआधी मी त्याच्याकडून वदवून घेते, तू जावयांना जेवायला वाढ. फोन ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून समोरच्या इमारतीचा रंगारी बघत होता, दोरीवर लोंबकळणारा. आमचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं. म्हटलं, "ऐकलंस?" म्हणाला, "हो." म्हटलं, "मग?" त्यानं तोंड उघडलं, आता काहीतरी येतंय असं वाटलं, आणि बंद केलं. असं तोंड उघडून बंद करणारा माणूस समोर असला की माझ्या हाताला काहीतरी आपटावंसं वाटतं. त्याचे वडील असेच होते. रस्ता ओलांडताना पोराचा हात धरून कडेला उभे राहायचे, गाड्या थांबल्या तरी उभे, मागून लोक पुढे निघून गेले तरी उभे. मी पलीकडे पोचून ओरडायचे. ते गेले तेही असेच, आज जातील उद्या जातील करत. मी म्हटलं होतं हा माझ्यावर गेलाय. गल्लीतला तो बोट वर करणारा पोरगा माझ्यावर गेला होता. हा खुर्चीतला कोणावर गेला?

आज दुपारी मोठ्या मशीनखालचा पाइप गळायला लागला. जमिनीवर पाण्याचं तळं, त्यात साबणाचा फेस, कामावरच्या बायका टाचांवर चालताहेत. मी नळवाल्याला बोलावलं. हा माझा नेहमीचा, हसरा, बडबड्या. आणि त्याला त्या शर्यतींचं वेड. आठवडाभर लोकांच्या मोऱ्या उपसतो आणि शर्यत असली की नारिंगी कपडे घालून ट्रॅकच्या कडेला उभा राहतो. झेंडे हलवायला, झाडायला, गाडी ढकलायला, पडेल ते काम करायला. हौस म्हणून. मला म्हणतो, मावशी, तुमचे साहेब वर आणि मी खाली, आम्ही दोघं मिळून शर्यत चालवतो. आज आला तो भिंत धरत आला. मशीनखाली शिरायला बसला तर एक पाय दुमडलाच नाही. सरळ लाकडासारखा बाहेर काढून तो पाठीवर सरकत आत गेला. मला नुसता पाय आणि पाना मागणारा हात दिसत होता.

"पायाला काय झालं रे?"

"काही नाही मावशी. रविवारी जरा घासलं."

"कशाला घासलं?"

"चाकाला." मग आतून खदखदून हसला. "माझं नाही, त्याचं. साहेब बोलले नाहीत?"

"साहेब घरात मौन पाळताहेत."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यामुळे पाय आहे. लाल पडला नसता तर मागची दुसरी अंगावरच होती. बायको म्हणत होती, तू जा आणि त्यांना भेट, पण म्हटलं एवढ्या गडबडीत कुठे जायचं. तो पाना द्या. मोठा. हां."

मी पाना दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आठवडाभरात थोरल्याबद्दल पहिला चांगला शब्द. म्हटलं, म्हणजे लाल दाखवला तो कारणानं दाखवला, आणि हा शहाणा सांगत नाही कोणाला. ते टीव्हीवर दाखवलं नव्हतं. आता लेकीला काय सांगायचं हा प्रश्न होता, पण म्हटलं ते पुढचं पुढे.

"मग तू रस्त्यात काय करत होतास?"

"झाडत होतो. वळणावर ते काळे तुकडे पडलेले, काचेसारखे असतात, चाकात गेले की चाक फाटतं. आम्ही चौघं झाडू घेऊन. रांग गेली की आत पळायचं, झाडायचं, रांग यायच्या आत भिंतीला चिकटायचं."

"गाड्या चालू असताना?"

"सेफ्टी कारमागे चालूच असतात ना. हळू असतात, पण म्हणजे आपल्या बसइतक्या. आणि रांगेतून मागे पडलेले असतात ते रांग गाठायला जोरात येतात. तसाच एक आला. मला वाटलं सगळे गेले."

"आणि लाल?"

"तेव्हाच पडला. लगेच. मी आडवा पडलो आणि दिवे लाल."

"आडवा पडल्यावर."

"हो." पाना थांबला. नुसतं पाणी ठिबकत होतं. "आता तुम्ही घरच्या म्हणून बोलतो. आम्हाला वाटलं होतं पहिल्याच फेरीला पडेल. दुसऱ्या फेरीला आमचा मुकादम रेडिओवर ओरडला, माणसं रस्त्यात आहेत म्हणून. वरून म्हणाले, थांबा, बघतोय. एरवी साहेबांचं असं नसतं. एरवी रस्त्यात माणूस उतरला की त्यांचा लाल आधी पडतो, शर्यत गेली खड्ड्यात. म्हणून तर आम्ही बिनधास्त उतरतो. या वेळी पडद्यावर काही दिसलं नसेल. होतं तसं. एवढे पडदे, माणूस एक. तुम्ही त्यांना काही बोलू नका हं मावशी. मी तक्रार करत नाहीये."

तक्रार करत नाहीये. पाय असा पुढे पडलेला, आणि वर नमस्कार. मला त्या नळवाल्याचा असा राग आला की त्या पायावर बादली ओतावी. चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी त्याला उलट दोन दिल्या असत्या आणि माझ्या पोराची बाजू घेऊन मोकळी झाले असते. भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण हा आभार मानत होता. आभाराला काय उत्तर देणार. मी म्हटलं, "चहा घेऊन जा," आणि जिन्याकडे वळले. पायऱ्या चढताना मोठं मशीन बंद होतं, तळपायाला घरघर नव्हती, आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात त्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिली गेली तेव्हा मी डबे उतरवत होते. त्या वेळी हा आत पळाला असेल, झाडलं असेल, भिंतीला चिकटला असेल. दुसरीला ओलं फडकं. तेव्हा मुकादम ओरडत होता. टीव्हीवर मला दिवे लुकलुकणारी गाडी दिसत होती, जावयाची गाडी दिसत होती, लेकीचे तोंडावर धरलेले हात दिसत होते. झाडूवाले दिसत नव्हते. थोरल्याला दिसत होते का? एकदा त्यानं मला त्या काचेच्या खोलीत नेलं होतं, शर्यत नसताना. सगळे पडदे चालू होते. रिकाम्या रस्त्यावर एक कुत्रं चाललं होतं, कुठल्या तरी लांबच्या वळणावर, आणि ते कुत्रं एका पडद्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जात होतं. मी म्हटलं होतं, अरे वा, याला शेपूट खाजवायलाही एकांत नाही. तिथून कुत्रं दिसतं. चार माणसं, नारिंगी कपड्यांतली, तीन फेऱ्या दिसली नाहीत? मध्येच मी जिन्यात थांबले. गुडघ्यांसाठी नाही. मला वाटत होतं की परत खाली जावं, काउंटरवर बसावं, कोणाचे तरी शर्ट मोजावेत. कारण मी आठवडाभर एक राग तयार केला होता, कांजी घातलेल्या कपड्यासारखा कडक, आणि तो आता अंगाला बसत नव्हता. गल्लीतला पोरगा बहिणीला बाद द्यायचा. हे तसं नव्हतं. हे त्याच्या नेमकं उलटं होतं, आणि उलटं असून जास्त वाईट होतं, आणि एवढं असूनही आत कुठेतरी मला गोड वाटलं, म्हणजे शेवटी यानं आपल्या माणसाचं पाहिलं तर. आणि ते गोड वाटलं याचीच मला किळस आली, ताटात केस निघावा तसा.

तो खुर्चीतच होता. रंगारी गेला होता, तरी त्या दोरीकडे बघत होता.

"नळवाला आलाय खाली," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली. आठवड्यात पहिल्यांदा एवढ्या पटकन. "त्याचा पाय—"

"आहे. दुमडत नाही, पण आहे. तुला नमस्कार सांगितलाय."

त्याचा चेहरा असा झाला की मला दुसरं काही विचारायची गरज राहिली नव्हती. पण मी विचारलं. काही गोष्टी माणसाच्या तोंडून बाहेर पडाव्याच लागतात.

"पहिल्याच फेरीला का नाही दाखवलास?"

"वाटलं आवरेल."

"मला नको सांगूस ते. उद्या त्यांना सांग. मला खरं सांग."

त्यानं दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले. लहानपणी औषध घ्यायच्या आधी ठेवायचा तसे. "पुढे तो होता, आई. लाल दाखवला की पुन्हा सुरुवात. पुन्हा सुरुवात झाली की त्या चाकांवर तो टिकणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सेफ्टी कारमागे फेऱ्या निघून जात होत्या. मी म्हटलं, अजून एक. शेजारचा म्हणाला, साहेब, माणसं आहेत. मी म्हटलं, बघतोय. आणि मी बघतच होतो. त्या पडद्यावरून माझी नजर हललीच नाही. नळवाला आत पळायचा, झाडायचा, परत भिंतीला जायचा. मी म्हणायचो, गेला, आता सुटलो. पुढची रांग यायची." मांडीवरचे तळवे त्यानं उचलून परत ठेवले. "मंडळाला वाटतं मी घाई केली. बातमीवाल्यांना वाटतं मी मेव्हण्याला बुडवलं. तुलाही तेच वाटत होतं ना?"

"वाटत होतं."

"मला ते बरं वाटत होतं. लोकांनी तेच म्हणावं असं वाटत होतं." मग कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "तू फळीसुद्धा पुसून ठेवली होतीस. आल्या आल्या दिसली मला."

"पुसली. मी फळी पुसली. झेंडा तुझ्या हातात होता."

तो हसल्यासारखा झाला. "आता उद्या नुसतं म्हणायचं, चूक झाली, लाल नको होता. त्याला कप. छोटीचं घर सावरतं. तिनं तुझ्याकडून शब्द घेतलाय. मंडळ पण खूश, त्यांनाही मिटवायचंच आहे. नळवाल्याची तक्रार नाही. सगळ्यांचं भलं होतंय, आई. आणि मला ते म्हणवत नाही. आठवडाभर तोंडापर्यंत येतं आणि म्हणवत नाही. आणि दुसरंही म्हणवत नाही."

खाली मशीन सुरू झालं. घरघर वर आली, खिडकीची काच बारीक वाजायला लागली, खुर्चीच्या पायांतून त्याच्या तळव्यांपर्यंत गेली असेल. फोनही वाजायला लागला. लेकीचा, दुसऱ्या कोणाचा असणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी उचलेन. मी उचलला नाही, वाजू दिला. वाजून वाजून थांबला, आणि लगेच परत सुरू झाला. पोर माझीच आहे, पहिल्या झटक्यात सोडणार नाही. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले, उजेड अडवून, म्हणजे त्याला माझ्याशिवाय दुसरीकडे कुठे बघता येऊ नये.

"ऐक. उद्या जायचं आणि सांगायचं, लाल बरोबर होता, उशिरा पडला, आणि उशीर का झाला तेही सांगायचं. सगळं, आत्ता मला सांगितलंस तसं. तुझी बहीण माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे, ती किती दिवस तोंड बंद ठेवते ते मला ठाऊक आहे. जावयाला मी समजावणार नाही, तो समजेल, तो गाडी चालवतो, रस्त्यात माणूस म्हणजे काय ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि हे सांगून झालं की त्या काचेच्या खोलीतल्या खुर्चीतून ऊठ. ते उठवतील म्हणून वाट बघत बसू नकोस. तू लहानपणी लोकांना भिऊन बहिणीला बाद द्यायचास, ते मी पोटात घातलं, त्यात कोणाची तंगडी जात नव्हती. या वेळी घरच्या कपासाठी तू दुसऱ्याच्या पोराला गाड्यांपुढे झाडत ठेवलंस, आणि बघत राहिलास. माझा मुलगा आहेस, जन्मभर जेवायला वाढीन. पण तुझ्या त्या खुर्चीचं कौतुक या शहरात सगळ्यांत जास्त मी केलंय, म्हणून दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मीच सांगते, तिथं बसायची तुझी लायकी नाही."